मुलांचे गीतलेखन आणि भावाची मांडणी

प्रस्तावना

गीत म्हणजे गाण्यासाठी रचलेली, ठरावीक अंतराने परतून येणाऱ्या लयीत बांधलेली आणि पुन्हा पुन्हा म्हटली जावी या अपेक्षेने केलेली शब्दरचना, ही व्याख्या ढोबळ असली तरी प्रस्तुत पुस्तकाच्या विषयाची हद्द आखण्यास पुरेशी आहे. कविता डोळ्यांनी वाचता येते आणि न कळलेली ओळ मागे जाऊन पुन्हा पाहता येते. गीत मात्र कानावरून पुढे सरकत राहते आणि ते सरकत असतानाच कळावे लागते, म्हणून त्यात शब्दांची सोपी ठेवण आवश्यक ठरते आणि गद्यात दोष मानली जाणारी पुनरुक्ती तेथे रचनेचा आधार बनते. साधारण सात ते पंधरा वर्षे वयाच्या मुलामुलींनी अशी रचना स्वतः करावी, तीत त्यांना जाणवलेला राग, धास्ती, हेवा, हुरहुर किंवा आनंद उतरावा आणि हे काम शाळेत व घरात पद्धतशीरपणे शिकवता यावे, हा या पुस्तकाचा विषय आहे. मुलांसाठी मोठ्यांनी लिहिलेल्या गीतांची मराठीतील परंपरा संपन्न आहे. मुलांनी लिहिलेल्या गीतांचा विचार मात्र स्नेहसंमेलनाच्या आणि हस्तलिखित वार्षिकांच्या पलीकडे फारसा गेलेला नाही.

या उपेक्षेमागे दोन समजुती दिसतात. गीतरचना ही उपजत देणगी असून ती शिकवता येत नाही, ही पहिली. आणि मुलांच्या भावना अजून कच्च्या असल्याने त्यांना आधी भावनाच शिकवाव्या लागतात, ही दुसरी. दुसरी समजूत अधिक घातक आहे, कारण तीतूनच आईची माया, देशाचे प्रेम, पावसाची मौज असे विषय फळ्यावर लिहून देण्याची आणि मुलांनी त्या त्या विषयाला शोभणारी भावना उसनी आणून लिहिण्याची प्रथा पडली आहे. मुलांजवळ भावनांचा तुटवडा कधीच नसतो. त्यांच्याजवळ नसते ती भावना ठेवायची जागा, म्हणजे ओळीचे माप, परतून येणारे धृपद, एखादी ओळखीची चाल, आणि ‘काय वाटले’ हे सांगण्याऐवजी ‘काय दिसले, काय घडले’ हे सांगण्याची सवय. या चार गोष्टी शिकवता येतात, आणि शिकवण्यासारखे जे आहे ते बहुतांशी एवढेच आहे, अशी या प्रस्तावनेची भूमिका आहे.

यांपैकी शेवटच्या सवयीचे शास्त्र भारतीय काव्यविचारात फार पूर्वी मांडले गेले. भरताच्या नाट्यशास्त्राने भावाची अभिव्यक्ती तीन घटकांत उलगडली: भाव ज्यामुळे जागा होतो ती व्यक्ती, वस्तू वा परिस्थिती म्हणजे विभाव; तो जागा झाल्याचे बाहेर दिसणारे परिणाम, म्हणजे थरथरणारा हात, अडखळणारा शब्द, टाळलेली नजर, हे अनुभाव; आणि मुख्य भावाच्या अंगाने येऊन जाणाऱ्या क्षणिक मनोवृत्ती म्हणजे व्यभिचारी भाव. रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा आणि विस्मय हे आठ स्थायी भाव बहुतेक सुशिक्षित वाचकांच्या ओळखीचे असतात, परंतु मुलांच्या संदर्भात भरताने सांगितलेले 33 व्यभिचारी भाव अधिक उपयोगाचे आहेत. घरात धाकटे भावंड आल्यावर वाटणारी असूया, फळ्यापुढे चुकल्यावर येणारी व्रीडा म्हणजे लाज, सहलीच्या आदल्या रात्रीचे औत्सुक्य, पहिल्यांदा सायकल चालवता आल्यावरचा गर्व, निकालाआधीची चिंता, यांनीच मुलाचा दिवस भरलेला असतो. त्याला शोक किंवा उत्साह असे भव्य विषय देण्यापेक्षा या छोट्या, नेमक्या मनोवृत्तींकडे नेणे शहाणपणाचे, कारण तेथे त्याची स्वतःची सामग्री तयार असते.

पुढे आनंदवर्धनाने नवव्या शतकात ध्वनीचा सिद्धान्त मांडताना रस हा नाव घेऊन सांगता येत नाही, तो सूचित व्हावा लागतो, असे प्रतिपादन केले. आणि अकराव्या शतकातील मम्मटाने काव्यप्रकाशात रसदोषांची गणना करताना भावाचा उच्चार त्याच्याच नावाने करणे हा दोष अगदी आरंभी नोंदवला. पारिभाषिक भाषेत याला स्वशब्दवाच्यता म्हणतात. शोक दाखवायचा असताना ‘शोक झाला’ असे म्हणणे म्हणजे स्वशब्दवाच्यता. मुलांच्या वहीतील पहिला खर्डा जवळजवळ नेहमी याच दोषाने भरलेला असतो, आणि तो असावाही, कारण भावनेचे नाव सापडणे ही पहिली पायरी आहे. शाळा सोडून गेलेल्या मैत्रिणीविषयी लिहिताना एखादी मुलगी आधी ‘मला खूप वाईट वाटते, मी रोज रडते’ असे लिहील. तिला चूक दाखवण्याऐवजी मैत्रिणीची जागा आता कशी दिसते, तिथे कोण बसते, तिचे नाव अजून कोठे कोठे आहे, असे विभाव शोधायला लावणारे प्रश्न विचारले, तर धाकट्या अभंगाच्या आठ अक्षरी चरणाचे माप घेऊन पुढीलप्रमाणे रचना होऊ शकते. हे उदाहरण केवळ विवेचनासाठी रचलेले आहे:

अर्ध्या बाकावर आता
माझे दप्तर बसते,
हजेरीत तुझे नाव
खोडूनही ते दिसते.

या चार चरणांत वाईट वाटल्याचा उल्लेख नाही, तरी ऐकणाऱ्याला ते वाटते. पहिल्या खर्ड्यापासून येथपर्यंतचे अंतर प्रतिभेचे नसून योग्य वेळी विचारलेल्या तीनचार प्रश्नांचे आहे, आणि गीतलेखनाचे अध्यापन म्हणजे प्रामुख्याने असे प्रश्न विचारण्याची कला होय.

या कलेचा सर्वांत मोठा मराठी ग्रंथ कोणत्याही शास्त्रकाराने लिहिलेला नाही. तो जात्यावर रचला गेला. ओवी हा प्रकार किती जुना आहे याची साक्ष बाराव्या शतकातील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासात मिळते, कारण महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात, अशी नोंद त्यात आहे. 1290 मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीने याच लोकछंदाला ग्रंथाची प्रतिष्ठा दिली. ग्रंथातील ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड, तर जात्यावरची ओवी बहुधा दोन लांब ओळींची, दळण्याच्या हाताच्या फेऱ्याबरोबर श्वास घेणारी असते. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी खेड्यापाड्यांतील स्त्रियांकडून जमवलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक असून तो संग्रह आता ‘पारी’ या ग्रामीण भारताविषयीच्या जालीय संग्रहातून ध्वनिमुद्रणांसह उपलब्ध होत आहे. त्याआधी साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये आणि सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याच्या संकलनांतून हे धन छापील रूपात आणले होते. या ओव्यांमध्ये माहेरची ओढ, सवतीचा जाच, लेकाचे कौतुक, मेलेल्या मुलाची आठवण असा संसाराचा सारा भार आहे, परंतु ओवी रचणारी स्त्री सहसा भावनेचे नाव घेत नाही; ती वाटेवरच्या बाभळीविषयी, बांगडीविषयी, भावाच्या घोड्याविषयी, उंबऱ्याविषयी बोलते आणि थांबते. मम्मटाचे नाव जिच्या कानी कधी पडले नाही तिने मम्मटाचा दोष इतक्या कसोशीने टाळावा, याचे कारण बहुधा सामाजिक होते: सासू शेजारच्या खोलीत असताना दुःख नावाने सांगता येत नसे. मुलांचीही स्थिती काहीशी अशीच असते. वडिलांचा राग आला आहे हे सांगण्याची त्यांना मुभा नसते, पण दाराशी काढलेल्या चपलांचा आवाज कसा येतो, हे ती लिहू शकतात.

ओवीने आणखी एक गोष्ट सिद्ध केली आहे, ती म्हणजे गीतलेखनाला लेखन येणे आवश्यक नाही. बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. घरकाम व शेतकाम करताना त्या रचत आणि त्यांचे पुत्र सोपानदेव व इतर आप्त ते टिपून ठेवत. 1951 मध्ये त्यांचे निधन झाल्यावर पुढच्याच वर्षी ‘बहिणाबाईची गाणी’ आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. ज्या मुलाचे हस्ताक्षर अजून वळणावर आलेले नाही, ज्याला जोडाक्षरे लिहिताना घाम फुटतो, त्याच्या तोंडून आलेली ओळ मोठ्या माणसाने टिपून घ्यावी, ही साधी पद्धत या उदाहरणातून शिकण्यासारखी आहे. बहिणाबाईंची रचना त्यांच्या घरच्या लेवा बोलीत झाली हेही विसरता कामा नये. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, आगरी, वारली, कोरकू, गोंडी किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाला राग आणि लाड प्रमाणभाषेत येत नाहीत. गीताच्या वहीत बोलीला दुय्यम जागा देणे म्हणजे भावनेलाच दाराबाहेर उभे करणे होय, आणि या एका मुद्द्यावर प्रस्तुत पुस्तकाने कोणतीही तडजोड केलेली नाही, हे योग्यच झाले आहे.

रचनेच्या अंगाने पाहता शब्द आणि स्वर यांचा संबंध कसा शिकवावा, हा या क्षेत्रातील जुना वाद आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने लिहिलेल्या संगीतरत्नाकरात गीताच्या शब्दांगाला मातु आणि स्वरांगाला धातु म्हटले आहे, व दोन्ही एकट्याने रचणाऱ्यास वाग्गेयकार अशी संज्ञा दिली आहे. त्याच ग्रंथातील प्रबंधाच्या अवयवांमध्ये कधीही न गाळला जाणारा ध्रुव हा भाग येतो, आणि आजच्या गीतातील धृपदाचे नाते त्याच्याशी जुळते. धृपद म्हणजे प्रत्येक कडव्यानंतर परतणारी ओळ, आणि कडवे किंवा अंतरा म्हणजे दरवेळी नवे काही सांगणारा भाग. लहान मुलांना हे अंग आपोआप उमगते. वय सहासात असताना एकच ओळ वर्गाने मिळून म्हणावी आणि एकेका मुलाने आपली भर घालावी, या पद्धतीने संपूर्ण गीत उभे राहते. भोंडला, विदर्भ व खानदेशातील भुलाबाई, मंगळागौर आणि गोव्यातील फुगडी व धालो यांची बहुतेक गाणी याच साखळी पद्धतीने वाढत गेलेली आहेत, आणि त्यांतील अर्थहीन वाटणारे दुवे खरे तर नवा रचणारा आत शिरावा म्हणून मोकळ्या ठेवलेल्या जागा आहेत.

चाल आधी की शब्द आधी, या प्रश्नाला मराठी परंपरेने दिलेले उत्तर बहुतांशी ‘चाल आधी’ असे आहे. 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी संगीत शाकुंतल रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यातील पदे साकी, दिंडी, लावणी, कीर्तनातील पदे आणि कानडी नाटकांच्या चाली अशा आधीच रुळलेल्या साच्यांवर बेतलेली होती, आणि छापील संगीत नाटकांत पदाच्या माथ्यावर चालीचा निर्देश करण्याचा रिवाज पुढे दीर्घकाळ टिकला. पोवाडा, भारूड आणि गौळण यांतही तेच दिसते. शाळकरी मुलेही नेमके हेच करतात; चित्रपटातील गाण्याच्या चालीवर वर्गशिक्षकांविषयी किंवा डब्यातील भाजीविषयी शब्द बसवतात, आणि मोठी माणसे त्याला थट्टा समजून गप्प करतात. वस्तुतः उसन्या चालीवर शब्द बसवणे हा मात्रा, वजन आणि यमक यांचा उत्तम व्यायाम आहे, आणि ‘झेंडूची फुले’ लिहिणाऱ्या अत्र्यांनी विडंबनाला किती कौशल्य लागते हे दाखवून दिले आहे. मात्र विडंबनाची चाल हसण्याकडे ओढते, म्हणून हसण्यासारखे नसलेले काही सांगायचे झाल्यास मुलाला ओवीची, पाळण्याची किंवा अभंगाची चाल देणे बरे. मोठ्या अभंगाचे सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण आणि दुसऱ्या व तिसऱ्या चरणातील यमक हे माप पाचवीच्या मुलाला बोटांवर मोजता येते. मात्रावृत्तांसाठी लघू अक्षराची एक आणि गुरू अक्षराच्या दोन मात्रा धराव्या लागतात, आणि सहा मात्रांच्या दादऱ्यात किंवा आठ मात्रांच्या केरव्यात टाळ्या वाजवून ते हिशोब पाटीपेक्षा तळहातावर लवकर कळतात. माधवराव पटवर्धनांची ‘छंदोरचना’ शिक्षकाच्या कपाटात असावी, पण मुलापुढे उघडू नये.

यमकाविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. अमेरिकन कवी केनेथ कॉक यांनी न्यूयॉर्कमधील एका सरकारी प्राथमिक शाळेत मुलांना कविता लिहायला शिकवली आणि तो अनुभव 1970 मध्ये पुस्तकरूपाने मांडला. त्यात त्यांनी मुलांना यमक टाळण्यास सांगितले, कारण इंग्रजीत यमक शोधण्याच्या खटपटीत मूळ म्हणणे हरवते. मराठीत अडचण उलट आहे. ‘बसते’, ‘दिसते’, ‘हसते’ किंवा ‘आला’, ‘गेला’, ‘झाला’ अशी क्रियापदांची यमके इतकी स्वस्त मिळतात की मूल चारच ओळींत घसरगुंडीवर बसते आणि सगळी गीते एकाच ठशाची होतात. वर दिलेल्या उदाहरणातील यमकही याच स्वस्त जातीचे आहे, आणि ते एका कडव्यापुरते चालून जाते. तेव्हा यमक बंद करण्याऐवजी त्यात नामे आणि विशेषणे आणण्याचा आग्रह धरणे, हा मराठीपुरता योग्य उपाय ठरतो. परकी पद्धत जशीच्या तशी आणल्यास काय होते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

एरवी कॉक यांच्या कामातून घेण्यासारखे पुष्कळ आहे, विशेषतः प्रत्येक ओळीचा आरंभ ठरवून द्यावा आणि उरलेली मोकळीक मुलाला द्यावी, ही युक्ती. विसाव्या शतकात मुलांच्या भाषिक सर्जनाचा विचार करणारे जे निरनिराळे प्रवाह निर्माण झाले, त्यांत रशियन लेखक कोर्नेई चुकोव्स्की यांचे ‘दोन ते पाच’ हे पुस्तक मूळस्थानी आहे. त्या वयातील प्रत्येक मूल उड्या मारता मारता आपसूक लयबद्ध ओळी निर्माण करते, हे त्यांनी असंख्य उदाहरणांतून दाखवले. टेड ह्यूज यांनी बीबीसीच्या शालेय कार्यक्रमांतून दिलेल्या आणि 1967 मध्ये पुस्तकात आलेल्या व्याख्यानांचा भर एका वस्तूवर वा प्राण्यावर संपूर्ण लक्ष एकवटण्यावर आहे. इटलीतील जानी रोदारी यांनी 1973 च्या आपल्या पुस्तकात, परस्परांशी काहीही संबंध नसलेले दोन शब्द शेजारी ठेवले की कल्पना जागी होते, असे तंत्र मांडले. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांचे म्हणणे याहून मूलगामी होते: प्रत्येक मुलाचे भीती आणि प्रेम यांनी भारलेले काही शब्द असतात, आणि वाचनलेखनाचा आरंभ त्या शब्दांपासून झाला तरच तो टिकतो. संगीताच्या बाजूने जर्मनीतील कार्ल ऑर्फ यांनी बोलण्याच्या लयीतून टाळी व वाद्याकडे जाण्याचा आणि हंगेरीतील झोल्टान कोडाय यांनी लोकगीताला मुलाची सांगीतिक मातृभाषा मानण्याचा मार्ग घालून दिला. प्रस्तुत पुस्तकावर सर्वाधिक प्रभाव ॲश्टन-वॉर्नर आणि कोडाय यांचा जाणवतो. रोदारींचे तंत्र गमतीचे खरे, पण त्यातून येणारी गीते कल्पनेची असतात, भावाची क्वचितच, हा पुस्तकातील अभिप्राय काही वाचकांना कठोर वाटेल. तो बहुतांशी बरोबर आहे.

मराठीतील बालगीताच्या इतिहासाकडे वळताना एक विसंगती नजरेत भरते. वासुदेव गोविंद आपटे यांनी 1906 मध्ये ‘आनंद’ मासिक सुरू केले, आणि त्याच सुमारास, 1907 मध्ये जळगावच्या कविसंमेलनात सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचे कौतुक होऊन त्यांना ‘बालकवी’ हे नाव मिळाले. म्हणजे मुलांसाठीचे नियतकालिक आणि कोवळ्या वयातील कवीचा जाहीर गौरव या दोन्ही गोष्टी मराठीत जवळपास एकत्र घडल्या; पुढे मात्र पहिलीच धारा फोफावली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बालवाडी चळवळीने बडबडगीत व अभिनयगीत घरोघर नेले. 1953 च्या ‘देवबाप्पा’ चित्रपटासाठी ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेले आणि पु. ल. देशपांडे यांनी स्वरबद्ध केलेले मोराचे गाणे आजही प्रत्येक बालवाडीत नाचले जाते, विंदा करंदीकरांनी ‘राणीची बाग’पासून बालकवितेला खट्याळपणा आणि विचित्राची चव दिली, मंगेश पाडगावकर आणि शांता शेळके यांनीही या प्रांतात मनापासून लिहिले. हे सारे वैभव मोठ्यांचे आहे. मूल त्यात श्रोता आहे, गायक आहे, नाचणारा आहे, रचणारा नाही.

मोठ्यांच्या भावगीताचा प्रवाह, जो विसाव्या शतकाच्या तिसऱ्या व चौथ्या दशकांत ध्वनिमुद्रिका आणि नभोवाणी यांच्या साहाय्याने वाढला आणि 1955 मध्ये पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या, छप्पन्न गीतांच्या गीतरामायणात लोकप्रियतेच्या शिखराला पोहोचला, त्याचा येथे एवढाच संबंध की त्याने मराठी कानाला एका व्यक्तीच्या तोंडून एका क्षणाचा भाव ऐकण्याची सवय लावली. गीतरामायणात वेगवेगळ्या पात्रांच्या तोंडी गीते दिलेली आहेत, आणि दुसऱ्याच्या तोंडून बोलण्याची ही युक्ती लाजऱ्या मुलासाठी फार मोलाची आहे. स्वतःच्या भीतीविषयी न बोलणारे मूल शाळेच्या घंटेच्या किंवा हरवलेल्या छत्रीच्या तोंडून ती बोलते. शाहिरी आणि आंबेडकरी जलशांची परंपरा याहून वेगळे काही शिकवते. भीमराव कर्डकांचे जलसे, अण्णा भाऊ साठे यांची छक्कड, वामनदादा कर्डकांची गीते यांत एकट्याचा भाव समूहाचा होतो, आणि अपमान ही खाजगी गोष्ट न राहता वस्तीने मिळून म्हणायची गोष्ट ठरते. गीतलेखनाच्या शालेय पुस्तकांनी हा वारसा बहुधा टाळला आहे, जणू मुलांना अपमान कळतच नाही. प्रस्तुत पुस्तक तो टाळत नाही.

या विषयाची आजची निकड वेगवेगळ्या दिशांनी येते. दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धांनी गेल्या दोन दशकांत लहान मुलांना मोठ्या मंचावर आणले, त्यांच्या तयारीने सारा महाराष्ट्र थक्क झाला, पण दहा वर्षांच्या गळ्यातून विरहाची किंवा शृंगाराची गीते ऐकताना त्या मुलांच्या स्वतःच्या वयाचे गाणे कोठे आहे, हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही. दुसरीकडे मुंबईच्या वस्त्यांतून आणि आता लहान शहरांतूनही किशोरवयीन मुले मराठीत रॅप लिहू लागली आहेत, म्हणजे ठेक्यावर भराभर बोलत जाणारी, यमकांनी खच्चून भरलेली गीते. कोणत्याही शिक्षकाने न सांगता वही भरवणारा हा बहुधा आजचा एकमेव गीतप्रकार आहे, आणि पोवाड्याशी असलेले त्याचे नाते ध्यानात घेतले तर त्याला वर्गाबाहेर ठेवण्याचे कारण उरत नाही. तिसरी गोष्ट अगदी अलीकडची आहे. विषय सांगताच क्षणार्धात चार कडवी लिहून देणारी संगणकीय साधने आता मुलांच्या हातातील फोनवर आली आहेत, आणि ती नेमकी तीच गीते लिहितात जी मुलांनी लिहू नयेत: मापात नीट, यमकात चोख, आणि आईच्या मायेविषयी कोणत्याही आईला लागू पडतील अशी. अर्ध्या बाकाची आणि खोडलेल्या नावाची गोष्ट त्यांना ठाऊक असण्याचा संभव नाही. शिक्षकाने मुलाकडून नेमक्या तपशिलाची मागणी करणे, हे आता केवळ साहित्यिक अभिरुचीचे कलम राहिलेले नाही.

या कामातील धोक्यांविषयी मौन बाळगणे बेजबाबदारपणाचे होईल. मूल खरोखर मोकळेपणाने लिहू लागले की शिक्षकाला पेलणार नाही असेही काही वहीत येते. अशा वेळी शिक्षकाने समुपदेशक असल्याचा आव आणू नये आणि गीताचे माप दुरुस्त करीत बसू नये. मुलावर अत्याचार होत असल्याचा संशय आल्यास 1098 या बालमदत क्रमांकाची आणि लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या 2012 च्या कायद्याने घातलेल्या माहिती देण्याच्या बंधनाची जाणीव त्याला असली पाहिजे. याखेरीज रोजच्या व्यवहारातील नियम साधे आहेत. मुलाच्या संमतीवाचून त्याचे गीत वर्गात वाचू नये, पालकसभेत दाखवू नये, भिंतीवर लावू नये. त्याला गुण देऊ नयेत. स्पर्धा तर मुळीच घेऊ नये, कारण स्पर्धेत जिंकते ते परीक्षकांना आवडणारे दुःख, आणि मुले हे पहिल्याच वर्षी ओळखतात. शिक्षकांच्या दृष्टीने सर्वांत अवघड नियम दुरुस्तीचा आहे: शुद्धलेखन शेवटच्या प्रतीपर्यंत थांबू शकते, शब्द बदलायचा तर मुलाने बदलायचा, आणि बोलीतील रूप हा दोष मानायचा नाही.

प्रस्तुत पुस्तक शिक्षक, पालक, वाचनालये व बालभवनांतील कार्यकर्ते यांच्यासाठी लिहिलेले आहे. ते मुलांच्या हाती देण्याचे पाठ्यपुस्तक नाही. त्याची मांडणी इयत्तांनुसार नसून भावांनुसार आहे, आणि प्रत्येक भावाबरोबर त्याला साजेसा एखादा मराठी गीतप्रकार जोडलेला आहे. असूयेला भोंडल्याची चाल का मानवते आणि धास्तीला अंगाईची का, यामागील कारणमीमांसा वादग्रस्त ठरेल, पण ती कष्टाने केलेली आहे. मध्यमवर्गीय शहरी घर गृहीत न धरता ऊसतोडणीच्या हंगामात आईवडिलांबरोबर स्थलांतर करणारी मुले, आश्रमशाळांतील मुले आणि परदेशात वाढणारी, घरी मराठी ऐकून इंग्रजीत उत्तर देणारी मुले यांचा विचार त्यात सारख्याच गांभीर्याने केला आहे. उणीव दाखवायची तर ती चालींच्या बाबतीत आहे. स्वरलेखन दिलेले असले तरी ज्या शिक्षकाला गाता येत नाही, त्याची सोय छापील पानावर पुरेशी होत नाही, आणि अशा शिक्षकाने गावातील एखाद्या भजनी मंडळाला किंवा ओव्या येणाऱ्या आजीबाईंना वर्गात बोलावणे हाच त्यावरचा व्यवहार्य उपाय आहे. किशोरवयीन मुलांविषयीचा भाग तुलनेने आखूड झाला आहे, आणि रॅपविषयी अधिक विस्ताराने लिहायला हवे होते.

पुस्तक वर्गात नेण्यापूर्वी शिक्षकांनी व पालकांनी एक गोष्ट अवश्य करावी, अशी विनंती आहे. आपल्या बालपणातील एखाद्या लाजेविषयी वा हेव्याविषयी, भावनेचे नाव न घेता, आठ अक्षरांच्या मापात चार चरण स्वतः लिहून पाहावेत, आणि ते मुलांना वाचून दाखवण्याची आपली तयारी आहे का हे ठरवावे. ती तयारी होईपर्यंत मुलांकडे त्यांच्या वह्या मागू नयेत.